ती परत का आली

नेमका श्रावणातला कानबाई देवीचा रविवार! अख्खी भावकी वर्षातून एकदा एका चुलीवरचं खाते तो दिवस, आणि पुनमला पाहुणी बोलवायला तोच सापडला. बरं, पाहुणी तरी साधीसुधी? यामिनी दिघे! सहा वर्षं रोज संध्याकाळी साडेसातला टीव्हीवर सुनांना रडवणारी राणीआई, आणि त्याआधी पंचवीस वर्षं सिनेमात गाजलेली बाई. सोनगीरच्या फाट्यावरून आत चार किलोमीटर, या गावात तिचं काय काम?

दिपमालाने पुरणाचं पातेलं खाली उतरवलं आणि नणंदेकडे पाहून कपाळावर हात मारला.

“वहिनी, त्यांना आजच जमतंय,” पुनम म्हणाली. “इंदूरला कार्यक्रमाला चालल्या आहेत. चार वाजता निघतील.”

दिपमाला बोदवडची. तिची बोली वेगळी, पुनमच्या घरची वेगळी, म्हणून दोघी एकमेकींशी पुस्तकातलं मराठी बोलायच्या. भांडायच्यासुद्धा त्यातच.

“आणि त्यांना वाढू काय? रोट?”

रोट वाढता येणार नव्हते. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू, अगदी पाळण्यातल्याच्या नावानंसुद्धा, वेगळे काढायचे, दळायचे, त्याचे रोट करायचे आणि ते फक्त कुळातल्यांनी खायचे. सुनेला चालतात, कारण ती कुळात आली. लग्न झालेल्या लेकीला चालत नाहीत, कारण ती कुळातून गेली. दिपमालाने नऊ वर्षांत माहेरचा रोट तोंडात घातलेला नव्हता. आणि आत्ता चुलीपुढे बसून रोट थापणाऱ्या भिकुबाई अक्काने या घरात त्रेचाळीस वर्षं सगळ्यांचे रोट केले, पण एकाचाही तुकडा मोडला नव्हता. अक्का म्हणजे पुनमची आत्या. नवऱ्याने दुसरी केली म्हणून ती परत आली, असं घरात सांगत. सासरचं कुळ सुटलं आणि माहेरचं काही परत मिळालं नाही.

ओसरीवरून पुनमच्या वडिलांचा, रुपचंद आबांचा, आवाज आला. “पाव्हनीले वरन-भात वाढा. खीर वाढा. रोटनं नाव काढू नका!”

“ऐकलंस?” दिपमाला म्हणाली.

“ऐकलं.”

“मग तुझ्या त्या राणीआईला सांग, जेवणात जास्त प्रश्न विचारू नका म्हणावं.” दिपमालाने आवाज खाली आणला. “पुनम, मी वाचलंय तुझं ते. माळ्यावर बॅगेत होतं. आबांना वाटतंय सिनेमा कानबाईच्या सणावर आहे. तो अक्कांवर आहे, हे त्यांना कधी सांगणार तू?”

पुनमने चुलीकडे पाहिलं. अक्का रोट उलटत होती. तिला ऐकू आलं की नाही, कळायला मार्ग नव्हता.

“आधी त्यांचा होकार येऊ दे,” पुनम म्हणाली. “मग सांगते.”

“मग सांगते म्हणे! बघ बाई.”

पुनम बाहेर ओट्यावर येऊन उभी राहिली. सिनेमा करायच्या मागे लागून तिला अकरा महिने झाले होते. जळगावच्या साड्यांच्या दुकानांच्या जाहिराती करत तिने ही गोष्ट लिहिली होती. मुंबईच्या निर्मात्याने वाचली, आवडली म्हणाला, आणि मग म्हणाला, नाव आणा. मोठं नाव आणा, त्याशिवाय मी उभा राहणार नाही. एक नटी म्हणाली, म्हातारी नको, तिची तरुणपणची प्रेमकहाणी करा, मग येते. दुसऱ्या एका मोठ्या नटाने भावाचं काम वाचून निरोप पाठवला की भावाला पोलीस करा. तिसऱ्याच्या सेक्रेटरीने कागद उघडलेसुद्धा नाहीत. शेवटी नाशिकला नाटकाच्या प्रयोगानंतर ती रंगपटाबाहेर दीड तास उभी राहिली आणि यामिनी दिघेंच्या हातात कागद दिले. महिन्याने त्यांचा स्वतःचा फोन आला. वाचलंय. ती बाई जिथली आहे ते घर बघायचंय. त्या दिवशी पुनम जळगावच्या बसस्टँडवर भर दुपारी रडली होती. आज हे हुकलं तर सिनेमा नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. निर्मात्याने उद्यापर्यंतच थांबतो म्हणून सांगितलं होतं.

“काय बी काळजी करू नको, पुनम!” आबांचे भाऊ, प्रेमराज काका, नवीकोरी टोपी घालून आले. “बठ्ठा बंदोबस्त करेल शे.”

“कसला बंदोबस्त, काका?”

काका नुसते हसले. आणि गाडी आलीच.

यामिनी दिघे उतरल्या. साधी सुती साडी, केस पांढरे, टीव्हीवर दिसतात त्याहून बुटक्या. काका हार घेऊन पुढे झाले. यामिनीताईंनी तो हातात घेतला, गळ्यात घालून घेतला नाही.

“पुनम,” त्या म्हणाल्या, “तुझ्या सिनेमात मी आहे, हे मला फाट्यावर कळलं.”

“म्हणजे?”

“माझा मोठा फोटो आहे तिथे. ‘आपल्या मातीतील भव्य चित्रपटाच्या नायिका यांचे सहर्ष स्वागत.’ खाली एक भावी सरपंच आहेत.”

पुनमने काकांकडे पाहिलं. भावी सरपंच टोपी नीट करत होते.

“ताई, मी सांगितलं नव्हतं. खरंच. काकांनी...”

“मी अजून हो म्हटलेलं नाही. माझं नाव असं आधी लावून मला बांधायचा प्रयत्न बऱ्याच लोकांनी केलाय. त्यातल्या एकाचंही काम मी केलेलं नाही.” आवाज चढला नव्हता, पण राणीआईसुद्धा असाच आवाज लावायची. “आलेच आहे, तर त्या बाईंना भेटून जाते.”

नैवेद्य झाला. चौरंगावर कानबाई नथ घालून, फुलांत बसली होती. मंडळी जेवायला बसली. यामिनीताईंचं पान वेगळं, आणि ते वेगळं का, हे त्यांनी विचारलं नाही. कागद वाचलेले होते ना! त्या जेवता जेवता सारख्या स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत होत्या. तिथे अक्का बसली होती. मध्येच त्या उठून दारापर्यंत गेल्या.

“मी आत येऊ?”

“चुलीकडे नको, माय,” अक्का म्हणाली. “तठेच बठ.”

त्या उंबऱ्याबाहेर जमिनीवर बसल्या. अक्काने त्यांना खिरीची वाटी सरकवली.

हात धुऊन सगळे ओसरीत बसल्यावर यामिनीताईंनी पिशवीतून कागद काढले. कोपरे दुमडलेले, पेन्सिलीच्या खुणा.

“मी स्पष्ट बोलते. चांगलं लिहिलंय. ही सगळ्यांचे रोट करणारी आणि स्वतः न खाणारी आत्या मला करावीशी वाटते.” त्यांनी दाराकडे मान वळवली. “याच त्या ना?”

झालं! पुनमने डोळे मिटले.

सगळ्यात आधी प्रेमराज काका बोलले. “म्हंजे सिनेमा अक्कावर शे?”

“पुनम,” रुपचंद आबा म्हणाले. नुसतं नाव घेतलं, पण ओसरीतली पोरंटोरं अंगणात पळाली.

“आबा, मी सांगणारच व्हती.”

“कवय? पोस्टर लागावर? सननं नाव सांगीसन तू मनी बहीन बजारमा मांडी राहिनी? आमनी बहीन काय तमाशा शे?”

“आबा, पाहुण्यांसमोर...” पुनमचा भाऊ समाधान मध्ये पडला.

“तू गप ऱ्हाय!”

समाधान गप्प झाला. तो नेहमीच होतो. कालपर्यंत हाच बहिणीला म्हणत होता, तू कर, मी आहे तुझ्या मागे. बायकोने, दिपमालाने, त्याच्याकडे असं पाहिलं की तो खाली सतरंजीचे धागे ओढायला लागला.

“सोयरीकमा लोक काय म्हनतीन?” प्रेमराज काकांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. “आनि समाधान, तो फाटावरना फ्लेक्स काढी टाक. सांजलेच जाय.”

सकाळी फ्लेक्स लावणारे काका दुपारी तो काढायला सांगत होते. आता पुनमच्या बाजूला कोणी उरलं नव्हतं. आणि तेवढ्यात दारातून दिपमाला बोलली. जिच्याशी पुनमचं आठवड्यातून दोनदा वाजायचं, ती दिपमाला!

“आबा, मी वाचलंय ते सगळं. त्यात अक्कांबद्दल एक शब्द वाईट नाही. खोटंही काही नाही.”

सासऱ्यांपुढे सून एवढं बोलली. रुपचंद आबांनी तिच्याकडे पाहिलंच नाही.

“खोटं नाही,” यामिनीताई म्हणाल्या, “पण एक गोष्ट त्यात नाहीच आहे. पुनम, ही बाई परत का आली?”

“लिहिलंय ना, ताई. नवऱ्याने दुसरी केली.”

“असं मी आजवर पुष्कळदा केलंय. नवरा दुसरी करतो, बाई डोळे पुसते, गाठोडं उचलते. पण तू लिहिलेली बाई तशी नाही. ती एक मूठ इकडची तिकडे होऊ देत नाही. ती उगाच उठून येणार नाही. मला कारण लागतं. ते तुझ्याकडे नसेल, तर मी हे करणार नाही. राग मानू नकोस. फाट्यावरच्या फोटोपेक्षा हे मला जास्त लागलं.”

लहानपणापासून पुनम अक्काच्या कुशीत झोपली होती. तिला ताप आला की अक्का रात्रभर बसायची. आणि हा एक प्रश्न तिने अक्काला कधी विचारला नव्हता. उत्तर सगळ्यांनी आधीच दिलेलं होतं, विचारायचं कशाला? तिला स्वतःची लाज वाटली. गोष्ट जिची, तिलाच विचारलं नाही आणि गोष्ट घेऊन मुंबईभर फिरली.

ती उठली आणि दाराशी जाऊन बसली. “अक्का, तू परत का उनी?”

अक्काने पदराला हात पुसले.

“मी नही उनी, बाई,” ती म्हणाली. “माले आनं.”

रुपचंद आबांना वाटलं, उठावं आणि शेताकडे निघून जावं. “भिकू, ऱ्हाऊ दे,” ते म्हणाले.

“त्रेचाळीस वर्सं ऱ्हाऊ दिधं, भाऊ.”

ती अजून त्यांना भाऊ म्हणायची. त्या आवाजात राग असता तर त्यांनी दोन शब्द सुनावले असते, विषय मोडून टाकला असता. ते त्यांना चांगलं जमायचं. पण राग नव्हता. ती नुसती बघत होती, तू सांगतोस की मी सांगू, असं.

“मीच सांगस,” रुपचंद आबा म्हणाले.

त्यांनी सांगितलं. थांबत थांबत, कुणाकडे न बघता. श्रावणच होता. ते बावीस वर्षांचे, भिकू एकोणीसची. तिला राखीला आणायला ते शिरपूरच्या पलीकडे तिच्या सासरी गेले. सासरच्यांनी त्यांना दोन तास ओट्यावर बसवलं. पाणी विचारलं नाही. मागे लग्नात कुणाच्या मानपानावरून धुसफूस झालेली, तिचं उट्टं काढलं. अर्धी गल्ली बघत होती. शेवटी सासू बाहेर येऊन म्हणाली, आमनी सून मोकळी नही. यांचं डोकं फिरलं. हे सरळ आत गेले आणि बहिणीचा हात धरून तिला ओढत बाहेर आणलं.

“तिनी कडेवर पोर व्हतं,” आबा म्हणाले.

“पोर?” पुनम म्हणाली. तिला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. समाधानने मान वर केली. प्रेमराज काका मात्र खालीच बघत राहिले. म्हणजे काकांना माहीत होतं.

“आठ महिनानं. सासूनी ते खेची लिधं. म्हने, बाईले ले जा. पोर आमनं शे. त्याना नावनी मूठ आमना रोटमा शे.” आबांनी खांद्यावरचं उपरणं काढून मांडीवर घेतलं. “मी म्हनं, ठेवा!”

आबा पुढे सांगत राहिले.

“माले वाटनं, आठ दिनमा येतीन. पोर रडी, मंग येतीन नाक घासत. कोनी उनं नही. आनि मी म्हनं, मी का बरं पयला जाऊ? दिवाईले समजनं, त्यासनी दुसरी करी लिधी. मंग आमी बी तेच सांगाले लागनूत. दुसरी करी, म्हनीसन उनी.”

“अंगवर पेनारं पोर व्हतं,” अक्का म्हणाली. तेवढंच म्हणाली, पण दिपमालाने तोंडाला पदर लावला.

“काय नाव त्याचं?” यामिनीताईंनी विचारलं.

“नवल.”

“भेटला कधी?”

“धुळ्याले, एक लगीनमा. वाढाले उभा व्हता. मी त्याले वळखं. बापनंच तोंड. माले म्हने, मावशी, पानी देऊ का?” अक्का थोडी हसली. “मी म्हनं, दे. त्यानी दिधं. मी पिनू.”

पुनमला रडू आवरेना. तिने अक्काचा हात घट्ट धरला. पिठाचा, तुपाचा हात. हिला मी निमूट म्हातारी लिहिलं, तिच्या मनात आलं, आणि वर त्याला पुरस्कार मिळेल म्हणून स्वप्नं बघितली.

यामिनीताईंनी कागद मांडीवरून उचलून बाजूला ठेवले.

“मी करते,” त्या म्हणाल्या. “उद्या तुझ्या निर्मात्याला मीच फोन करते. दिवाळीनंतरच्या तारखा देते. पण तो ओटा, ते पोर आणि भावाचं ते ‘ठेवा’, हे सगळं आलं पाहिजे. ते गाळलंस तर मी नाही.”

अकरा महिने हा शब्द ऐकायला पुनम मरत होती. आणि आता तो आला, तर तिला हो म्हणता येईना. ‘ठेवा’ म्हणणारा माणूस समोर बसला होता. तो तिचा बाप होता. त्याने तिला सायकल शिकवली होती, मुलगी असून जळगावला एकटी ठेवली होती, गावाने नावं ठेवली तेव्हा गावाशी भांडला होता. तो गावाच्या चौकात पडद्यावर येणार, आणि आणणार कोण, तर ती.

“नावं बदला, गाव बदला,” प्रेमराज काका पुटपुटले.

“बदलून कोणाला कळणार नाही, काका?” समाधान म्हणाला. दिवसभरात पहिल्यांदा तो धड बोलला.

पुनम वडिलांसमोर जाऊन बसली. “आबा, तुम्ही नही म्हना. तुम्ही नही म्हनात तं सिनेमा नही. मी ताईसले आतेच सांगस.”

ती खरंच बोलत होती. यामिनीताईंनी तिला अडवलं नाही.

रुपचंद आबांनी मुलीकडे पाहिलं, मग पाहुणीकडे. “बाई, मना पार्ट कोन करी?”

“चांगला नट आणू. माझ्या शब्दाखातर येतील असे दोघेतिघे आहेत.”

“मोठा मानूस आना. नाववाला.” ते थांबले. मग एकदम लहान पोरासारखे घाईने बोलायला लागले. “आनि त्याले आठ दिनमा परत धाडा. तठे, त्या ओटावर. पोर लेवाले. हात जोडू द्या त्याले, पाया पडू द्या. सिनेमाच शे ना? सिनेमामा काय बी व्हस.”

सगळे खाली बघायला लागले. एवढा ताठ माणूस कोणासमोर असा मागत असलेला घरात कुणी पाहिला नव्हता. पुनमला वाटलं, देऊन टाकावं. एक सीन तर आहे. एका सीनने बापाला झोप लागणार असेल, तर काय बिघडलं? ती हो म्हणायला तोंड उघडणार, तेवढ्यात अक्का बोलली.

“नही.”

“भिकू...”

“मी वरीसभर वाट दखी, भाऊ. रोज सकायले वाटे, आज तू ऊठशी, आज तू जाशी. तू गया नही.” त्रेचाळीस वर्षांत पहिल्यांदा अक्का भावासमोर रडली. “मंग सिनेमामा तोबी जावाव नही.”

रुपचंद आबांनी उपरण्यात तोंड लपवलं. पुनमला दोघांपैकी कोणाजवळ जावं कळेना. शेवटी ती होती तिथेच बसून म्हणाली, “जसं घडनं तसंच लिखसु, अक्का.”

यामिनीताई निघाल्या. सगळे त्यांना गाडीपर्यंत सोडायला आले, रुपचंद आबा सोडून. पुनम परत ओसरीत आली तेव्हा ते तिथेच बसलेले होते. तिने पाणी आणून समोर ठेवलं. त्यांनी तांब्याला हात लावला नाही.

“पुनम,” ते म्हणाले, “तो ‘ठेवा’ म्हनस ना, तवय त्यानं तोंड दखाडजो. जवळतून दखाडजो.”

“हा, आबा.”

“त्याले तवयच समजेल व्हतं, चुकनं म्हनीसन.”